साहेब, आठशे रुपयांची पगारवाढ मला परवडली नाही

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री साहेब यांना,

विषय : ईएसआयची (सरकारी कामगार विमा योजनेची) महिना २१,००० पगाराची मर्यादा आणि ती ओलांडल्यामुळे झालेली माझी फजिती.

साहेब, सप्रेम नमस्कार. पत्र लिहायची सवय नाही, शाळेत मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहिला होता त्यानंतर हेच, त्यामुळे भाषा इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या. मी २६ वर्षांचा आहे, मेकॅनिकल डिप्लोमा, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि मोशीत कॉट बेसिसवर राहतो. आईवडील सोलापूरला असतात. वडील चादरीच्या कारखान्यात होते, तो बंद पडला तेव्हा ते ५४ चे होते, म्हणजे ते रिटायर झालेच नाहीत, नुसते घरी आले. हा बारीक फरक पुढे लागणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तर झालं असं की गेल्या एप्रिलमध्ये मला इन्क्रिमेंट मिळालं. ग्रॉस २०,६०० होता तो २१,४०० झाला. रूमवर सगळ्यांना वडापाव खाऊ घातला. सॅलरी स्लिप बघितली तर ईएसआयचे १५५ रुपये कापायचे बंद झालेले, कारण पगार २१,००० च्या वर गेला की त्यातून नाव निघतं, मला वाटलं वा, हे वरून बोनस. पीएफचे पन्नासेक वाढले ते सोडले तर हातात ९०० रुपये जास्त. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं की हे १५५ कापले जात होते तेच सगळ्यात स्वस्त होतं तर मी हसलो असतो.

डिसेंबरपर्यंत काहीच कळलं नाही, कारण ईएसआयचं कार्ड चालू होतं. नंतर एचआरच्या मुलाने समजावलं की ऑक्टोबर ते मार्च जे पैसे कापले त्याचा बेनिफिट जुलै ते डिसेंबर मिळतो, म्हणजे कापायचं थांबलं तरी उपचार मागून थोडे दिवस चालू राहतात. मग जानेवारीत आई नेहमीप्रमाणे इन्सुलिन आणि वडलांच्या बीपीच्या गोळ्या आणायला ईएसआयच्या दवाखान्यात गेली आणि खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, मावशी, तुमच्या मुलाचं कार्ड बंद दाखवतंय. आईला वाटलं माझी नोकरी गेली. तिने मला फोन केला तेव्हा मी प्रॉडक्शन लाइनवर होतो, उचलला नाही, मग तिने माझ्या मामाला केला, मामाने माझ्या सुपरवायझरला, असा दिवसभर तमाशा. संध्याकाळी तिला सांगितलं, अगं नोकरी गेली नाही, पगार वाढलाय. ती म्हणाली, मग औषध का बंद केलं? साहेब, ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहितोय.

आता हिशोब सांगतो. दोघांची औषधं, शुगर तपासायच्या स्ट्रिप्स आणि तीन महिन्यांनी होणाऱ्या टेस्ट धरून महिन्याला सरासरी २,६०० जातात. जनऔषधीतून जेवढं मिळतं तेवढं घेतोच, त्याच्यानंतरचा हा आकडा आहे. वाढले ९००, गेले २,६००. म्हणजे पगारवाढ होऊनही जानेवारीपासून मी महिन्याला १,७०० रुपयांनी गरीब झालोय. आणि ही फक्त गोळ्यांची गोष्ट झाली. मी आजारी पडलो तर ईएसआयमध्ये वर्षातले ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के मिळायचे, ते गेलं, वडलांना उद्या ॲडमिट करावं लागलं तर ते कुठे, हे वेगळंच.

मला माहितीये लगेच काय सांगितलं जातं, की आता कमावतोस तर पॉलिसी काढ. काढली असती. माझ्या एकट्याची पॉलिसी स्वस्तच आहे हो, २६ व्या वर्षी कोण आजारी पडतंय, एजंट हसत हसत देतो. अडचण माझी नाहीच, आईवडलांची आहे. दोघांचा फ्लोटर, म्हणजे दोघांत मिळून पाच लाखांची एकच पॉलिसी, विचारला तर वर्षाचा प्रीमियम माझ्या एका महिन्याच्या पगारापेक्षा जास्त, आणि वर शुगर-बीपी आधीपासून आहे म्हणून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड, तोवर त्याचा क्लेम नाही. बरं, त्यातही ओपीडीच्या गोळ्या बसत नाहीतच. सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी काढला, चांगलं केलं, मनापासून सांगतो, पण जो प्रीमियम भरूच शकत नाही त्याला त्यावरचा जीएसटी माफ करून काय. प्रीमियमवरची ८०डी ची इन्कम टॅक्स सूट पण सांगतात लोक, माझ्यावर टॅक्सच बसत नाही तर सूट कशातून घेऊ?

मग महात्मा फुले योजना सांगतात. कुटुंबाला पाच लाखांचं कव्हर आहे, रेशन कार्ड आहे, ऑपरेशनची वेळ आली तर तिचाच आधार आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण ती यादीतल्या उपचारांसाठी, ॲडमिट झाल्यावर. रोजच्या इन्सुलिनला ती उपयोगाची नाही. आणि रोजचं इन्सुलिन चुकलं की मग यादीतलं ऑपरेशन येतं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान कार्ड आहे, माझे वडील ५८ चे आहेत, म्हणजे अजून बारा वर्षं त्यांनी तब्येत धरून ठेवायची.

साहेब, मी एकटा नाहीये ह्यात, आमच्या वयाच्या सगळ्यांचं थोडंफार असंच होतं आणि ते नेमकं ह्याच सहा-सात वर्षांत होतं. माझंच बघा. कॉलेजात होतो तोवर वडलांच्या ईएसआयमध्ये माझं नाव होतं. शिकत असेल तर मुलगा २१ पर्यंत चालतो, मग नाव निघालं. मग वर्षभर अप्रेंटिस, स्टायपेंड ८,०००, ना पीएफ ना ईएसआय, कारण कायद्याने अप्रेंटिस हा कामगार नसतो, शिकाऊ असतो. (मशीन मात्र कामगारासारखीच चालवावी लागते, ते सोडा.) मग १४,५०० वर जॉब लागला आणि पहिल्यांदा माझा स्वतःचा आयपी नंबर, म्हणजे ईएसआयच्या विमाधारकाचा नंबर, आला, त्याच सुमारास वडलांचा कारखाना गेला आणि दोघं माझ्या कार्डावर आले. तीन वर्षं बरी गेली. आणि आता २१,००० ची रेघ. म्हणजे वडलांच्या छत्रीतून मी बाहेर, मग विनाछत्री, मग माझ्या छत्रीत ते, आणि आता तिघंही पावसात. आमच्या वयात पगार वाढतो ना, तेव्हाच आईवडलांचं वय पण वाढत असतं, हे दोन्ही एकाच वेळी चालतं आणि तुमचा नियम फक्त पहिलं मोजतो.

आणि २१,००० म्हणजे काय श्रीमंती आहे का? पीएफ आणि दोनशे रुपये प्रोफेशनल टॅक्स जाऊन जे हातात येतं त्यातून कॉटचे ४,५००, मेसचे ३,४००, पेट्रोल, बाईकचा हप्ता, घरी ५,०००. उरलं ते तुम्हीच काढा. २०१७ ला जेव्हा हा आकडा ठरला तेव्हा आमच्या कंपनीत जुने ऑपरेटर होते त्यांना २१,००० मिळायचे म्हणे आणि त्यांचा थाट होता. आता नवा लागलेला मुलगा दोन इन्क्रिमेंटमध्ये तिथे पोचतो.

मी जरा शोधाशोध केली. ही मर्यादा २००४ ला ७,५०० होती, २००६ ला १०,००० झाली, मे २०१० ला १५,००० आणि १ जानेवारी २०१७ पासून २१,०००. म्हणजे आधी अडीच वर्षं, मग साडेतीन, मग साडेसहा, आणि आता नऊ वर्षं उलटून गेली तरी तीच. मधल्या काळात जुलै २०१९ ला वर्गणीचा दर मात्र कमी केला, साडेसहा टक्क्यांवरून चार, त्यात मालकाचे सव्वातीन आणि आमचा पाऊण. दर कमी करायला वेळ मिळाला, आकडा वाढवायला नाही.

दुसरं एक सापडलं ते वाचून मी दोन मिनिटं मोबाईल खाली ठेवला. खासदारांचा पगार २०१८ पासून कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्सला, म्हणजे महागाई मोजायच्या सरकारी आकड्याला, जोडलेला आहे, दर पाच वर्षांनी आपोआप वाढतो, म्हणून १ एप्रिल २०२३ पासून तो एक लाखाचा एक लाख चोवीस हजार झाला. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही, महागाई खासदारांना पण असेल. पण तोच इंडेक्स आमच्या मर्यादेला लावून बघितला. २०१६-१७ चा इंडेक्स २६४, २०२५-२६ चा ३७६. २१,००० ला लावला तर २९,९०० येतात. म्हणजे तुमच्याच मोजपट्टीने मी अजून मर्यादेच्या साडेआठ हजार आत आहे. मी बाहेर गेलेलोच नाही साहेब, रेघच मागे राहिली.

आणि हे करायला संसदेत काही पास करावं लागत नाही. २०१६ च्या डिसेंबरमध्ये नोटिफिकेशन काढून नियमातला आकडा बदलला होता, बस. चार नवीन लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले, त्यात चाळिशीच्या पुढच्या कामगारांना वर्षातून एकदा फुकट हेल्थ चेकअप आहे, ते वाचलं. छान आहे. मला अजून चौदा वर्षं आहेत.

आकडा वाढवला तरी पुढच्या कुणाचं तरी तिथे असंच होणार, म्हणून माझी खरी मागणी वेगळी आहे. बाहेर जाणाऱ्याला स्वतःच्या पैशाने आत राहू द्या. मालकाचा हिस्सा मालकाने भरू नये, मी भरतो. २१,४०० चे चार टक्के म्हणजे ८५६ रुपये. २,६०० पेक्षा ८५६ कधीही चालतील, मी उद्यापासून भरतो, कंपनीला एक रुपया खर्च नाही आणि तुमच्या फंडाला जेवढे आधी मिळत होते त्याहून जास्तच. तीन वर्षं द्या, पाच द्या, तोवर पगार खरंच वाढला तर मी स्वतः बाहेर पडेन.

पैसे भरून आत राहायची सोय तुमच्याकडे नाही असंही नाही. पाच वर्षं विमाधारक राहून जो रिटायर होतो त्याला महिन्याला १० रुपये, म्हणजे वर्षाचे १२० भरून नवरा-बायको दोघांना उपचार मिळतात. माझ्या वडलांनी सोळा वर्षं वर्गणी भरली, पण कारखाना बंद पडला म्हणून ते रिटायर धरले जात नाहीत. २०२४ मध्ये तर पगार मर्यादेच्या वर गेल्यामुळे बाहेर पडलेल्या रिटायर लोकांनाही परत आत घ्यायचं ईएसआय कॉर्पोरेशनने ठरवलं, आणि त्यात पगाराची अट ठेवली ३०,०००. म्हणजे म्हाताऱ्यासाठी ३०,००० वाला गरजू आहे हे तुम्हाला मान्य आहे. पंचविशीतल्यासाठी २१,००० वालाच का श्रीमंत?

काही जण म्हणतील दवाखान्यात आधीच गर्दी, अजून माणसं कशाला. गर्दी आहे, आई सकाळी आठला जायची आणि एकला यायची. पण तिला ती रांग चालत होती. तिची तक्रार रांगेची कधीच नव्हती.

आणखी एक, निदान कार्ड बंद व्हायच्या तीन महिने आधी एक मेसेज तरी पाठवा, मराठीत, आधारला जोडलेला नंबर आहेच तुमच्याकडे. आईला खिडकीवर कळायला नको होतं.

ता. क. : मागच्या आठवड्यात एचआरने बोलावलं होतं. एप्रिलच्या इन्क्रिमेंटचं चाललंय. तो म्हणाला, आमच्याकडे सात-आठ जण आहेत तुझ्यासारखे, त्यांनी लिहून दिलंय की आमचा ग्रॉस २०,९९० च ठेवा, बाकीचं ओव्हरटाइममध्ये द्या, ओव्हरटाइम मर्यादेत धरत नाहीत. तुझा पण खाली आणू का? पगार कमी करून घ्यायचा फॉर्म माझ्या बॅगेत आहे, शुक्रवारपर्यंत द्यायचाय.

आपला,
एक विमाधारक (आयपी नंबर आहे, कार्ड बंद)
मोशी, पुणे