मुलांनी इंग्रजीत स्वतःविषयी काय सांगावे?

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या शाळेतील चौथी-पाचवीच्या मुलांना इंग्रजीत स्वतःविषयी बोलायला कसे शिकवावे, असे तू विचारले आहेस. फोनवर हे दोन वाक्यांत उरकले असते आणि मनातले बहुतेक सारे राहून गेले असते, म्हणून पत्रच लिहितो आहे.

आपल्या राज्यात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली; त्याआधी ते पाचवीपासून असे. इतकी वर्षे लोटली, तरी ‘मायसेल्फ’ नावाचा दहा ओळींचा निबंध फळ्यावरून उतरवून पाठ करून घेण्याची रीत अजून पुष्कळ वर्गांत टिकून आहे. त्यामुळे पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत राहणारा, ज्याचे वडील रिक्षा चालवतात असा मुलगाही ‘माय फादर इज अ फार्मर’ असे खणखणीत आवाजात म्हणतो, आणि त्यात काही चुकले असे कोणालाच वाटत नाही, कारण व्याकरण बरोबर असते. मला मात्र हीच सर्वांत मोठी चूक वाटते. जे वाक्य त्या मुलाविषयी खरे नाही, ते त्याने कितीही शुद्ध उच्चारले तरी त्याला त्या भाषेत बोलता आले असे मी मानणार नाही.

म्हणून सुरुवात नाव-गाव-वयापासून न करता ‘आय कॅन’पासून करावी, असे माझे मत आहे. आपल्याला काय येते हे सांगायला प्रत्येक मूल उत्सुक असते, शिवाय ‘कॅन’चे रूप कर्त्याप्रमाणे बदलत नाही. गणपतीच्या आधी इथे नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. त्या दिवसांत ‘आय कॅन प्ले द ताशा’ हे वाक्य वर्गात सहज येते, आणि ‘ताशा’ला इंग्रजी शब्द शोधत बसण्याचे काहीच कारण नसते. कोणी भाकरी थापू शकते, कोणी लहान भावाला झोपवू शकते. हवे असलेले क्रियापद मुले आपणहून विचारतात, आणि असे मागून घेतलेले शब्द त्यांच्या चांगले लक्षात राहतात.

खरी अडचण ‘आय हॅव’पाशी येते. आपण ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे सायकल आहे’, ‘माझे केस लांब आहेत’ असे म्हणतो. तिन्ही वाक्यांची घडण वेगळी, आणि तिन्हींत ‘मी’ कर्ता नाही. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘आय हॅव’ चालते. ते एकदा अंगवळणी पडले की मुले ‘मला भूक लागली आहे’ यासाठीही ‘आय हॅव हंग्री’ म्हणू लागतात. ‘मायसेल्फ अमुक’ हेही असेच येते, कारण मराठीत ‘मी अमुक’ एवढे म्हटले तरी वाक्य पूर्ण होते. यावर नियम समजावत बसू नये आणि मुलाला मध्येच थांबवूही नये. ‘अच्छा, यू आर हंग्री?’ असे बरोबर वाक्य आपल्या उत्तरातून त्याच्या कानावर घालावे आणि पुढे जावे. याला वेळ लागतो, पण बोलण्याची भीती बसत नाही.

दोन ठिकाणी जपायला हवे. दिसण्याचे वर्णन करताना ‘फेअर’, ‘डार्क’, ‘फॅट’ हे शब्द आपण होऊन देऊ नयेत. केस, चष्मा, उंची एवढे पुरेसे आहे. कुटुंबाविषयी विचारताना आईवडिलांपासून सुरुवात करू नये, कारण प्रत्येकाच्या घरी दोघेही असतातच असे नाही. ‘आय लिव्ह विथ’ एवढे द्यावे. पुढे आजी येईल, मामा येईल, तो येऊ द्यावा.

इथल्या वर्गांत घरी कन्नड, हिंदी किंवा लमाणी बोलणारी मुलेही असतात. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने अशी बहुभाषिकता हे वर्गाचे साधन मानले आहे. ज्याच्यासाठी मराठीही घराबाहेरची भाषा आहे, तो मुलगा ‘आय स्पीक थ्री लँग्वेजेस’ असे म्हणतो तेव्हा वर्ग त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहतो. जी मुले सुरुवातीला तोंडच उघडत नाहीत, त्यांना बळे बोलायला लावू नये. नवी भाषा शिकताना ऐकत राहण्याचा असा शांत काळ येतो, असे स्टीफन क्रॅशन या भाषातज्ज्ञाने मांडले आहे. त्या काळात हाताने दाखवून, चित्र काढूनही सांगता येते.

लेखनासाठी मी कोडे वापरतो. प्रत्येकाने चिठ्ठीवर नाव न घालता स्वतःविषयी चार वाक्ये लिहायची, एकाने ती वाचायची आणि बाकीच्यांनी ओळखायचे. सगळ्यांनी ‘आय लाइक क्रिकेट’ लिहिले तर कोडे सुटत नाही, हे मुलांच्या लवकरच लक्षात येते. मग कोणी आपल्या कुत्र्याविषयी लिहितो, कोणी आईच्या पोळीभाजीच्या डब्यांच्या कामाविषयी.

पण एका वर्गातली मुले एकमेकांना आधीच ओळखतात. म्हणून माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या सुटीआधी तुझ्या मुलांची अशी पत्रे माझ्या वर्गाकडे पाठव, चुका न सुधारता. माझी मुले ती वाचून प्रत्येकाला एक-एक प्रश्न विचारतील आणि आपल्याविषयीही लिहितील. शाळेचा पत्ता पिनकोडसह कळव.

तुझा,
पुण्याचा मित्र