पित्ताच्या गोळीआड दडलेला जिवाणू : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

छातीतली जळजळ, आंबट ढेकर, उपाशीपोटीचे दुखणे या साऱ्याला आपल्याकडे 'पित्त' म्हणतात आणि गोळी घेऊन विसरून जातात. यातल्या काही तक्रारींमागे अनेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठराच्या अस्तरात राहणारा जिवाणू असतो. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली आणि १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला निश्चित कर्करोगकारकांच्या गटात घातले. संसर्ग झालेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, हे खरे. पण मिझोरामसारख्या राज्यात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण पाहिले की हा दिलासा अपुरा वाटतो.

माझी चिंता मात्र औषधांची आहे. हा जिवाणू उपचाराविना जठरात दशकानुदशके टिकतो, त्यामुळे माणसाने या काळात कशासाठीही घेतलेले प्रतिजैविक त्याच्यापर्यंत पोहोचते. खोकल्यासाठी ॲझिथ्रोमायसिन घेतले की त्याच कुळातल्या आणि या जिवाणूच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या क्लॅरिथ्रोमायसिनला तोंड देणारे जिवाणू मागे उरतात. जुलाबासाठी दोन दिवस मेट्रोनिडाझोल किंवा ऑफ्लॉक्सासिनची पट्टी घेतली की तीच गत. क्लॅरिथ्रोमायसिन निष्प्रभ व्हायला तर जिवाणूच्या एका जनुकातला एका अक्षराचा बदल पुरतो. भारतातील सहा केंद्रांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन चतुर्थांशांहून अधिक नमुने मेट्रोनिडाझोलला आणि सुमारे ४५ टक्के क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देत नव्हते. ज्या भागात हा दुसरा आकडा १५ टक्क्यांच्या वर जातो तेथे चाचणीविना क्लॅरिथ्रोमायसिनवर विसंबू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आपल्या जिल्ह्यात आज तो किती आहे, हे डॉक्टरांनी कुणाला विचारावे?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे प्रतिजैविक-रोधाच्या (जिवाणूंनी औषधांना दाद न देण्याच्या) पाहणीचे जाळे २०१३ पासून काम करते. त्यात या जिवाणूची नियमित पाहणी व्हावी, ही माझी मुख्य विनंती आहे. त्याला प्रयोगशाळेत वाढवणे जिकिरीचे आहे, कारण त्याला कमी ऑक्सिजनची हवा आणि बरेच दिवस लागतात. तरीही दुर्बिणीच्या तपासणीत जठराचा तुकडा घेतला जातोच; तो युरियायुक्त माध्यमात ठेवून माध्यमाचा रंग गुलाबी झाला की 'पॉझिटिव्ह' असा शेरा मारून तो टाकून देण्याऐवजी त्याच तुकड्यावर रोधाशी निगडित जनुकीय बदलांची पीसीआर चाचणी वैद्यकीय महाविद्यालयांत करता येईल. रुग्णाला त्यासाठी पुन्हा नळी गिळावी लागणार नाही.

दुसरी विनंती औषधविक्रीची. २०१४ मध्ये लागू झालेल्या शेड्यूल एच-१ या औषधांच्या यादीमुळे रुग्णाचे व डॉक्टरचे नाव नोंदवून ती वही तीन वर्षे जपणे विक्रेत्यांवर बंधनकारक झाले. त्या मूळ यादीत ऑफ्लॉक्सासिनच्या कुळातले लिव्होफ्लॉक्सासिन होते. क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोल नव्हते. सर्वच प्रतिजैविकांना हे बंधन असावे आणि त्या वह्यांची खरोखर तपासणी व्हावी. चिठ्ठी न मागता पट्टी कापून देणाऱ्या दुकानांपुढे कोरा नियम काय कामाचा?

शेवटी, कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करून जिवाणू गेल्याची खात्री करायची असते. जळजळ थांबली की रुग्ण फिरकत नाही आणि फसलेला उपचार कुणाच्या लक्षातही येत नाही. ही चाचणी जिल्हा रुग्णालयांत मोफत मिळावी.

आपला नम्र,
एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्र अध्यापक