मनू, हनुवटी छातीला लाव

प्रिय मनू,

परवा फोन मध्येच ठेवला, त्याचं मनात राहिलंय. राग तुझ्यावर नव्हता गं. ऐकिदो करताना डोकं मॅटवर आपटलं हे तू आईला सांगितलंस, दादाला सांगितलंस आणि मला दहा दिवसांनी कळलं, त्याचा राग होता. "पप्पा, तुम्ही उगाच टेन्शन घेता" म्हणालीस. घेतो. आमच्या तालमीतल्या नानाची मान ज्यानं बघितली तो घेणारच.

पण आज तो विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

तानाबेचे, तुझा ऐकिदो ज्यांनी काढला त्या उएशिबांच्या गावचे, फोटो मस्त आलेत, बागेतला तो पुतळा आणि देवळातली समाधी दोन्ही आईनं शेजारी दाखवून आणलं. मी पण आठवडाभर उएशिबांबद्दल जे मिळेल ते वाचतोय. जन्म १८८३ चा, लहानपणी किडकिडीत, सारखा आजारी, म्हणून वडलांनी, योरोकु नाव त्यांचं, पोराला सुमो आणि पोहायला लावलं. मोठं होऊनसुद्धा उंची जेमतेम पाच फूट. हे वाचलं आणि मला तू आठवलीस, तिसरीतली, तालमीच्या दारात चपला हातात घेऊन उभी. तुला हौद्यातल्या मातीचा वास आवडायचा, ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ती लाल माती. आत येऊ का म्हणून विचारलंस आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं, पोरींनी इथं यायचं नसतं, घरी जा. तू रडली नाहीस, नुसती गेलीस. त्या योरोकुनं जे केलं ते मी केलं नाही, आणि आता तू ओसाकात नोकरी करून आठवड्यातून तीनदा जपानी लोकांच्या दोजोत, म्हणजे त्यांच्या तालमीत जातेस, स्वतःच्या पैशानं. चौथी क्यू, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या आधीच्या पायऱ्यांतली एक, झाल्याचं मी कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं. वस्तादांच्या मुलालासुद्धा सांगितलं. त्याला क्यू काय ते कळलं नाही, तर मी अर्धा तास समजावत बसलो.

आता राहवत नाही म्हणून एकदाच लिहितो. तो शिहोनागे डाव मी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. हात डोक्यावरून नेऊन खांद्यामागं दुमडतात आणि माणूस पाठीवर जातो. टाकणाऱ्यानं हात खांद्याजवळून खाली आणला तर तू नीट बसत बसत पडशील, पण त्यानं लांब ओढून झटका दिला तर तुझा हात अडकलेला, मागं टेकायला काही नाही, आणि पहिलं जमिनीला लागणार ते डोक्याचं मागचं हाड. तिथं ताण देऊन उभी राहू नकोस. गुडघा वाकव, त्याच्याबरोबर खाली जा, हनुवटी छातीला आणि नजर पट्ट्याच्या गाठीवर. आमचे वस्ताद डाव शिकवायच्या आधी पंधरा दिवस नुसतं पडायलाच लावायचे, आणि खाली माती होती, तुमच्यासारखी मॅट नव्हती. तुमच्यात चार वेळा टाकायचं आणि चार वेळा पडायचं असतं म्हणालीस, म्हणजे तासाभरात किती वेळा ते मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

आणि डोकं जड वाटतंय, उजेड सहन होत नाही, असं काही असेल तर पूर्ण बरं वाटेपर्यंत मॅटवर पाय ठेवायचा नाही, डॉक्टरनी हो म्हटल्याशिवाय तर नाहीच. एक मार भरून यायच्या आत दुसरा बसला की तो फार वाईट. नाना दुसऱ्या दिवशीच परत उतरला होता.

बघ, पुन्हा तिथंच आलो. सॉरी. तुला सेन्सेई आहेत, ते शिकवतात, मी इथं खाटेवर बसून शिकवायची गरज नाही, कळतं मला.

आणखी एक वाचलं. १९१९ च्या शेवटी वडील फार आजारी असल्याची तार आली तेव्हा उएशिबा होक्काइडोत होते. घरदार सोडून निघाले, वाटेत आयाबेला प्रार्थनेसाठी थांबले आणि तानाबेला पोचेपर्यंत योरोकु गेलेले होते. एवढं वाचून मी मोबाईल ठेवला आणि गच्चीवर जाऊन आलो. तू काही वेडंवाकडं मनात आणू नकोस, माझी नवीन गोळी चालू झालीय, बीपी कंट्रोलमध्ये आहे, आईला विचार पाहिजे तर.

तू आईला म्हणालीस की पप्पांना हे आवडत नाही. चूक आहे ते. तुझा तो उकेमीचा, म्हणजे नीट पडण्याचा व्हिडिओ, ज्यात तू लोळण घेऊन आवाज न करता उभी राहतेस, तो मी रोज रात्री बघतो. खांदा कसा गोल ठेवलायस. एवढं गोल पडणं मला कधी जमलं नाही.

मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी दादाबरोबर पाठवतोय, तो पुढच्या महिन्यात येतोय ना तुझ्याकडे. सोबत तिळाच्या तेलाची बाटली आहे, मानेला लावून झोप.

रविवारी फोन कर. नाहीतर शनिवारीच कर, प्रॅक्टिस संपल्या संपल्या, कपडे बदलायच्या आधी. मी जागा असतो.

तुझे पप्पा