विहीर पाहिली, बाग कुठे?

महोदय,
फाल्गुनात नातवाला घेऊन साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर (मोट म्हणजे बैलांनी ओढून पाणी काढायचं चामडी पात्र) पाहायला गेलो होतो. वाटेत पळस आणि पांगारा नुसते पेटले होते. विहिरीजवळच्या आंब्याला तर असा मोहोर, की पोराने फांदी खाली ओढली आणि नाक पिवळं करून घेतलं!

मी कृषी खात्यातून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे माझं लक्ष आधी मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्या किडींकडे. नातवाला भिंगातून दाखवलं: एका तुऱ्यात शेकडो फुलं, पण बरीचशी नर. फळ धरणारी थोडी, त्यांतलीही बहुतेक गळतात.

शिलालेखानुसार ही विहीर छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधली, काळ १७१९ ते १७२४. ती बांधली कशासाठी, तर आमराईसाठी. आंब्याची ३३०० झाडं होती असं सांगतात. पण आलेली मंडळी विहिरीतल्या महालात सेल्फी काढतात आणि गाडीला किल्ली मारतात. त्यांना तरी काय बोल लावणार? पाणी कुठल्या झाडांना जात होतं, हे सांगणारा साधा फलकही माझ्या नजरेस पडला नाही.

संबंधितांनी निदान मोटांच्या धावेलगत, म्हणजे मोट ओढणारे बैल चालायचे त्या उताराच्या कडेला, गावरान आंब्याची चार-दोन रोपं लावावीत. कलमं नकोत, कोयीपासून वाढलेला रायवळच हवा. उन्हाळ्यात पाणी घालायला गावातली शाळकरी पोरं आनंदाने येतील. होळीच्या आसपास जाणाऱ्यांनी मात्र सकाळी नऊच्या आत पोचावं. नंतर ऊन चढतं आणि मोहोराचा वास उडून जातो.

— एक निवृत्त कृषी सहायक, सातारा