चातुर्मासात बँडची शाळा भरू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की डीजे हवा की बँड, यावर आपल्या अंकात पत्रे येऊ लागतात. ती सगळी ऐकणाऱ्यांची पत्रे असतात. मला वाजवण्याबद्दल लिहायचे आहे.

मुलाच्या नोकरीमुळे दोन वर्षे मी इंग्लंडमध्ये, यॉर्कशरमधल्या बार्न्सलीजवळच्या एका गावात राहिलो. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. जवळच्या ग्राइमथॉर्पच्या खाणकामगारांचा ब्रास बँड, म्हणजे फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यांचा बँड, १९१७ सालचा. ऑक्टोबर १९९२ मध्ये सरकारने बंद करायच्या खाणींची यादी जाहीर केली, तीत त्यांचीही खाण होती. त्यानंतर काही दिवसांतच या मंडळींनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी खाण मिटली. बँड आजही वाजतो.

आमच्या गावच्या बँडमध्ये नातू कॉर्नेट, म्हणजे छोट्या ट्रम्पेटसारखे वाद्य, शिकत होता. त्याला सोडायला जायचो, तर एके दिवशी बँडमास्तरांनी माझ्याच हातात टेनर हॉर्न, म्हणजे मधल्या पट्टीचे पितळी वाद्य, ठेवला. वय त्रेसष्ट, नोटेशनचा, म्हणजे कागदावर लिहिलेल्या सुरांचा, गंध नाही. वाद्य बँडचेच, वर्गणी किरकोळ. ब्रास बँडची एक फार शहाणी सोय आहे. छोट्या कॉर्नेटपासून मांडीवर न मावणाऱ्या बास ट्युबापर्यंत जवळजवळ सगळ्यांचे नोटेशन एकाच पद्धतीने लिहितात. तीन चाव्यांवरची बोटेही तीच. त्यामुळे कॉर्नेटवरचा मुलगा मोठा होऊन युफोनियमसारख्या मोठ्या, खर्जाकडच्या वाद्यावर गेला तरी त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथे माणूस कमी तिथे दुसरा जाऊन बसतो.

माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त खाणकामगार बसायचे. मी चुकलो की ते काही बोलत नसत, वाजवता वाजवता पायाने ठेका जरा ठळक देत. मी ओळ हरवली की विश्रांतीच्या मात्रांमध्ये माझ्या कागदावर बोट ठेवत. मी त्यांच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायला शिकलो, हे कुठल्या पुस्तकातून जमले नसते. पत्नी रुग्णालयात होती तेव्हा तालमीनंतर हॉर्नच्या रांगेतले दोघे जेवणाचा डबा घेऊन दारात उभे राहिले. त्या परक्या गावात आम्हाला आपले म्हणणारी माणसे या बँडनेच दिली.

साताऱ्यात परतलो आणि लग्नातला बँड नव्या कानांनी ऐकला. आपल्या बँडवाल्यांची तयारी तसूभरही कमी नाही. गाणे एकदा ऐकून क्लॅरिनेटवर उतरवणारे, बापाकडून, चुलत्याकडून शिकलेले हे वादक. फरक एवढाच की तिथे वाजवणारा गावातला कोणीही असतो. इथे मातंग, होलार, मुस्लिम अशा ठरावीक घरांनी वाजवायचे आणि बाकीच्यांनी नाचायचे. वरातीत त्यांच्यावर नोटा ओवाळतो, जेवायला मात्र शेवटच्या पंगतीला बसवतो. आपल्या मुलाला त्यांच्याकडे शिकायला पाठवावे, असे आपल्या मनातही येत नाही. याची मला लाज वाटते.

ढोलताशा पथकांनी दाखवून दिले आहे की सगळ्या घरांतली मुले-मुली पावसाळ्यात नदीकाठी तासन्‌तास सराव करतात. मग फुंकून वाजवायच्या वाद्यांनी काय घोडे मारले? आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्नसराई नसते आणि गणपतीचे दिवस सोडले तर बँडवाल्यांच्या हाताला काम नसते. त्या चार महिन्यांत शाळांनी संध्याकाळी एक सभागृह उघडून द्यावे. मंडळांनी डीजेच्या खर्चातून दहा-बारा वाद्ये घ्यावीत. आणि बँडमास्तरांना गुरुजी म्हणून बोलवावे, महिन्याच्या महिन्याला मानधन द्यावे. लहान-मोठे, सगळ्या आळ्यांचे, एकाच रांगेत बसवावेत.

निघताना त्या गावच्या बँडने टेनर हॉर्न मला भेट दिला. साताऱ्यातल्या ज्या शाळेत असा वर्ग निघेल, तिथे तो मी देऊन टाकीन आणि स्वतःही शिकायला येईन.

आपला,
एक वाचक, सातारा