हवामानाच्या बातमीत दाबाचा नकाशा पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

'कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याने पावसाची शक्यता' हे वाक्य वर्षानुवर्षं जसंच्या तसं छापून येतंय, पण कमी दाब झाला की पाऊस का पडतो हे काही कुणी सांगत नाही. अवघड नाहीये हो ते. दाब कमी असेल तिथे आजूबाजूची हवा ओढली जाते, ती वर चढते, वर गेली की पसरते आणि गार होते, मग तिच्यातल्या बाष्पाचे ढग बनतात. बरं ती सरळ आत येत नाही, पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते आणि कमी दाबाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरत राहते, दक्षिणेत याच्या बरोबर उलटं.

जास्त दाबाबद्दल मात्र अवाक्षर नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. जास्त दाब म्हणजे मोकळं आकाश, छान हवा, एवढंच लोकांच्या डोक्यात बसलंय. पण तिथे हवा वरून खाली येते, येताना दाबली जाते आणि दर किलोमीटरला जवळपास 10 अंशांनी तापते, ढग टिकत नाहीत, ऊन थेट जमिनीवर, आणि उन्हाळ्यात अशी सिस्टिम एका जागी अडकून बसली की उष्णतेची लाट आलीच म्हणून समजा. जून 2021 मध्ये कॅनडातल्या लिटन गावात पारा 49.6 अंशांवर गेला तो अशाच अडकलेल्या जास्त दाबामुळे, त्यावर तापमानाचे आकडे सगळीकडे आले पण दाबाचं कारण किती जणांपर्यंत पोचलं? थंडीत हाच जास्त दाब धूर नि धुकं जमिनीलगत कोंडून ठेवतो. सहारा, कलहारी ही वाळवंटं पण त्याचीच, विषुववृत्तावर वर गेलेली हवा 30 अंश अक्षांशांच्या आसपास खाली उतरते ना, त्याच पट्ट्यात.

म्हणून विनंती अशी की रोज समदाब रेषांचा, म्हणजे सारखा दाब असलेली ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा, एक छोटा नकाशा छापा. रेषा जवळजवळ आल्या की वारा जोराचा, हे वाचकाला आठवड्याभरात कळायला लागेल. सोबत आकडा द्या, समुद्रसपाटीला सरासरी दाब 1013 मिलिबार असतो आणि 1979 मध्ये प्रशांत महासागरात आलेल्या टिप वादळाच्या केंद्रात तो 870 पर्यंत उतरला होता, हे माहीत असलं की आजचा आकडा किती गंभीर ते ज्याचं त्याला कळेल. जागेचा प्रश्न असेल तर तापमानाचा तक्ता थोडा लहान करा, पण नकाशा द्याच.

आपला,
एक नियमित वाचक