मान कोणाच्या हातात द्यायची

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर डोकेदुखीचा विषय निघाला की आई "बरं, पाहू" म्हणते आणि थेट वांग्यांच्या भावावर येते. बाबा फोन स्पीकरवर टाकून मॅच बघतात. म्हणून लिहूनच पाठवते आहे. दोघांनी वाचा, बाबा, तुमचंही काम आहे यात.

आई, शेजारच्या काकू तुला ऑस्टिओपॅथकडे, म्हणजे मान-पाठ हातांनी दाबून, सैल करून उपचार करणाऱ्याकडे, घेऊन जाणार म्हणतात. जायला माझी हरकत नाही, मी इथे पुण्यात जातेच. पण "नस मोकळी केली की मायग्रेन कायमचा जातो" असं काकू सांगतात ते खरं नाही. आणि त्याआधी न्यूरोलॉजिस्टला दाखवायचं. आपल्या नागपुरात रामदासपेठेत, धंतोलीत डॉक्टरांना काय तोटा? नाहीतर मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आहेच.

तुझं डोकं मी शाळेत होते तेव्हापासून दुखतं. अर्धंच दुखायचं, मळमळायचं, कूलरच्या खोलीत पडदे ओढून आणि कपाळाला ओढणी करकचून बांधून पडायचीस. तो मायग्रेन, त्याची आपल्या घराला सवय आहे. पण यंदा नवतपाच्या कडक उन्हात तू म्हणालीस, "आता मानेतूनच ठणक उठते, अन् रोजच दुखून राहिलं." साठीनंतर दुखण्याची तऱ्हा बदलली की आधी तपासून घ्यावं लागतं. कानशिलाला फणी लागली तरी दुखतंय, पोळी चावताना जबडा भरून येतोय, नजर मधूनच अंधुक होतेय, यातलं काहीही जाणवलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज आली की असं होतं, आणि औषधाला उशीर झाला तर डोळा जाऊ शकतो. सुरुवातीला ईएसआरसारखी साधी रक्ततपासणी करतात. घाबरवत नाही आहे, पण हे मालिश करून घेत बसण्याचं दुखणं नाही.

मग तुझ्या पर्समधल्या गोळ्या, कात्रीने एकेक चौकोन कापून ठेवतेस त्या. साधी पॅरासिटामॉल महिन्यातले 15 किंवा त्याहून जास्त दिवस आणि कॅफीन वगैरे मिसळलेली गोळी 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. दुखतं म्हणून गोळी, अन् गोळीमुळे पुन्हा दुखणं. या चक्रात अडकलेल्या माणसाची मान कितीही दाबली तरी फार काही पदरात पडत नाही. कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी दुखण्याच्या दिवशी फुली आणि गोळी घेतली तर टिंब, एवढं करत जा. डॉक्टरला तो कागद फार उपयोगी पडतो. आणि चतुर्थीला चंद्रोदयापर्यंत पाण्यावर राहणं यंदा थांबव. उपाशी पोट आणि त्यात आपल्या नागपूरचं ऊन, मायग्रेनला अजून काय पाहिजे? गणपती रागावणार नाही.

आता मानेचं. मानेच्या वरच्या तीन मणक्यांतल्या नसा आणि कपाळ-चेहऱ्याकडून येणारी नस मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. म्हणून बिघाड मानेत असतो आणि दुखतं डोळ्यामागे. असल्या डोकेदुखीत हातांनी केलेल्या उपचाराचा उपयोग होऊ शकतो. माझ्याकडे काय करतात सांगते. मी पाठीवर झोपते, त्या बाई डोक्याशी बसतात, कवटी जिथे मानेला टेकते तिथे बोटांची टोकं ठेवतात आणि नुसत्या धरून राहतात. आधी टोचतं, मग तिथला स्नायू आपोआप सैल पडतो. नंतर खांदे, बरगड्या, श्वास. कुठेही कडकड आवाज नाही. मला बरं वाटतं, घट्टपणा कमी होतो. मायग्रेनची उबळ मात्र अजूनही येते आणि तिला गोळी लागतेच.

अभ्यासही झालेत. इटलीत 105 रुग्णांवर केलेला एक 2015 साली छापून आला, त्यात जुनाट मायग्रेनवाल्यांना बराच फायदा दिसला. पण असे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. शिवाय हात लावणाऱ्याला तर ठाऊकच असतं की आपण खरा उपचार करतोय की नुसतं नाटक, त्यामुळे आकड्यांवर डोळे मिटून विसंबता येत नाही. औषधाच्या जोडीला म्हणून करून बघ. पाच-सहा वेळा जाऊन फुल्या कमी झाल्या नाहीत तर सोडून दे, काकूंच्या भिडेखातर पैसे घालू नकोस.

अमेरिकेत ऑस्टिओपॅथीची डी.ओ. पदवी घेतलेला पुरा डॉक्टर असतो, इंग्लंडात 1993 च्या कायद्याने नोंदणी लागते. आपल्याकडे नुसत्या पाटीवरून काही कळत नाही. शिक्षण कुठलं, फिजिओथेरपीची पदवी आहे का, हे बाबा, तुम्ही विचारा. आईला संकोच वाटेल. तिची हाडं ठिसूळ झालीत हे आधीच सांगा, आणि मानेला झटका द्यायचा नाही हे दोनदा सांगा.

आता तुमचं, बाबा. केस कापून झाले की सलूनमध्ये मान इकडून तिकडून कडकन वाजवून घेता ना, ते आजपासून बंद. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं अस्तर अशा झटक्याने फाटू शकतं आणि त्यातून पक्षाघात होतो. क्वचितच होतं, कबूल. पण तुमच्या हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, आणि वीस रुपयांच्या चंपीसाठी ही जोखीम कशाला? "इतकी वर्षं काही झालं नाही" हे उत्तर मला पाठ आहे, ते पाठवू नका. डोक्याला तेल खुशाल चोळून घ्या.

न्यूरोलॉजिस्टची वेळ मिळाली की वार कळवा, मी सुट्टी टाकून येते. आईचे जुने रिपोर्ट कपाटातल्या निळ्या फाइलीत, विम्याच्या कागदांखाली आहेत.

तुमची,
मोठी